खोक्यांचं वजन

चौदा हजार किलोमीटर सायकल मारून त्या बाईने जग बघितलं, आणि काय बघितलं म्हणाल तर नवऱ्याची पाठ. शर्ट दोन होते, एक निळा आणि एक राखाडी. तो बदलला की देखावा बदलला. पुढे पुढे उन्हाने दोन्ही शर्ट एकाच विटक्या रंगाचे झाले, तेव्हा तीही करमणूक संपली. बाकीचं जग तिला डाव्या-उजव्या अंगाने मिळालं, तेही निघून जाताना. एखादा काठीवर हनुवटी टेकून उभा राहिलेला मेंढपाळ, दोरीवर वाळत घातलेली चादर, हात हलवेपर्यंत मागे पडलेली माणसं. समोरून काय येतंय हे तिला कधीच दिसलं नाही. ते बघायचं काम नवऱ्याचं होतं.

सायकलच तशी होती. एकामागे एक दोन सीटा, दोन हँडलं, त्यातलं मागचं नुसतं धरायला, आणि दोघांचे पाय एकाच चेनला बांधलेले. पुढच्याने पाय थांबवले की मागच्याचे आपोआप थांबतात. मागच्याने अंगचोरी केली की पुढच्याला ती मांडीत कळते. ब्रेक पुढे, गियर पुढे, वळायचं पुढच्याने. मागच्याने जोर लावायचा आणि विश्वास ठेवायचा, एवढंच. इमारतीतले लोक त्या सायकलीला रेल्वे म्हणत. नवरा जोडसायकल म्हणायचा.

नवरा पंपांच्या कारखान्यात फिटर होता. सगळं जग त्याला फिटरच म्हणायचं, बायकोसुद्धा माहेरी 'आमचे फिटर' असंच बोलायची. भंगारातल्या दोन सायकली कापून आणि सांधून त्याने हे धूड सात वर्षांत उभं केलं. साध्या दोन सायकली घेता आल्या असत्या की, असं कुणीही म्हणेल. पण बायकोला सायकल येत नव्हती. लहानपणी शिकायची राहून गेली आणि मोठेपणी चारचौघांत पडायची लाज वाटली. ताडपत्रीच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून ती जाड कापड मशीनखाली ढकलायची. त्यामुळे अंगात जोर होता, मागे बसून पायडल मारायला तेवढा पुष्कळ झाला.

मूलबाळ झालं नाही. दोन वर्षं डॉक्टर केले, एक वर्ष रडून झालं, आणि मग दोघं दर रविवारी रेल्वे काढू लागले. सकाळी निघायचं, शंभर किलोमीटर तोडायचे, संध्याकाळी दोन खोल्यांच्या घरात येऊन पाय वर करून पडायचं. अकरा वर्षं हे चाललं. तळमजल्यावर नणंद राहायची, तिची जीभ तिच्या विळीपेक्षा धारदार. ती म्हणायची, "माझ्या वहिनीला सायकल येत नाही, बरं का. नुसती चालवते."

फिटर बावन्न वर्षांचा असताना जवळचा चष्मा करायला म्हणून गेला आणि काचबिंदू घेऊन आला. डॉक्टरने कागदावर गोल काढून समजावलं. हा आजार कडेने खायला लागतो, मधलं शेवटी जातं. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखायची. रोज संध्याकाळी दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, आणि दर सहा महिन्यांनी तपासणी. थेंब चुकवला नाही तर माणूस म्हातारा होईस्तोवर पेपर वाचतो, असंही म्हणाला.

फिटर घरी आला, चपला काढल्या आणि म्हणाला, "निघू या."

"कुठे?"

"जिथे जमीन संपते तिथे. पार पलीकडच्या समुद्रापर्यंत. दिसतंय तोवर."

बाईने त्याच्याकडे बघितलं. थट्टा नव्हती. हा माणूस अकरा वर्षं दर रविवारी शंभर किलोमीटर जाऊन परत फिरत होता, आणि परत फिरताना दर वेळी एकदा मागे वळून बघायचा, हे तिच्या ध्यानात आलेलं होतं. ती म्हणाली, "ताडपत्री कामाला येईल. पिशव्या मी शिवते."

पुढची दोन वर्षं तयारीत गेली. त्याचा कारखान्यातला विभाग बंद झाला, फिटर घरी बसला, आणि घरात तराजू आला. लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांना एक खूळ असतं, वजनाचं. चढावर प्रत्येक ग्रॅम मांडीतून वसूल होतो, म्हणून ही माणसं दात घासायच्या ब्रशची दांडी अर्धी कापतात, कपड्यांच्या मागची लेबलं उसवतात, साबणाची वडी चिरून निम्मी घरी ठेवतात. फिटरला हे खूळ पुरतं चढलं. नाकापेक्षा मोती जड, असं म्हणत तो स्वयंपाकघरातल्या ओट्यावर एकेक वस्तू तोलायचा आणि बाजूला फेकायचा. बाईचा दोऱ्यांचा डबा तीन वेळा तराजूवर चढला आणि तीनदा उतरला. शेवटी डबा गेला, दोरे कागदाच्या तुकड्यावर गुंडाळून आले. बाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

निघायच्या आदल्या दुपारी थेंबांचा साठा आला. परदेशात तेच औषध मिळेल की नाही, मिळालं तर काय नावाने, कुणी सांगावं, म्हणून फिटरने दीड वर्षाच्या बाटल्या एकदम मागवल्या होत्या. अठरा बाटल्या, प्रत्येक आपल्या कडक पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोक्यात घडी घातलेला लांबलचक कागद. फिटर खाली सायकलला तेल देत होता. बाईला हुक्की आली. माझ्या डब्यावर उठता काय, थांबा. तिने ताडपत्री कापायची कात्री घेतली, अठराच्या अठरा खोकी फाडली, कागद आणि पुठ्ठा केरात टाकला आणि बाटल्या एका कापडी कप्प्यात ओळीने खोचल्या. बाटल्या हाताला गार लागल्या. दुकानात थंड हवेचं यंत्र असेल, असं तिला वाटलं. फिटर वर आल्यावर तिने खोकी तोलून दाखवली. एकशे नव्वद ग्रॅम.

"शाबास," फिटर म्हणाला. "आता तुला पुढच्या वर्गात घातलं."

तो कप्पा पुढच्या चाकावरच्या पिशवीत गेला. पिशवी तिने स्वतः शिवलेली, काळ्याभोर जाड ताडपत्रीची, दुहेरी शिवणीची, आत पाण्याचा थेंब जायची बिशाद नाही. घरी असताना ते एका वेळी एकच बाटली आणत. उघडलेली बाटली बाहेर चालते, म्हणून ती आरशासमोर उभी असायची. न उघडलेल्या बाटल्या कशा ठेवायच्या हा प्रश्नच त्या घरात कधी उठला नव्हता. त्याचं उत्तर ज्यांवर छापलेलं होतं ती खोकी आता केरात होती.

नणंद निरोपाला फाटकापर्यंत आली. तिचे डोळे भरले होते, पण जीभ जाग्यावर होती. "दादा, मागे वळून बघत जा मधून मधून. ही पडली तरी तुला कळायचं नाही."

पहिले पाच-सहा महिने सुखाचे गेले, आणि ते सुख काय होतं हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. फिटर पुढून रस्ता बोलायचा. जोडसायकलचा तो नियमच आहे. "खड्डा!" म्हटलं की बाई सीटवरून बोटभर उठायची आणि हादरा पायांवर घ्यायची. "रेव!" म्हटलं की अंग सैल सोडायची. "गियर!" म्हटलं की क्षणभर जोर काढायची. दिवसाकाठी शेदोनशे हाका. हळूहळू त्या हाकांतून तिला रस्ता दिसू लागला. त्याच्या आवाजावरून खड्डा केवढा ते कळायचं. सीमा आल्या, शिपायांनी कागद उलटसुलट केले, पैशांवरची चित्रं बदलली. संध्याकाळ झाली की तंबूच्या तोंडाशी फिटर तिच्या मांडीवर डोकं ठेवायचा, ती खालची पापणी ओढायची आणि थेंब सोडायची. "एक." मग दुसऱ्या डोळ्यात. "दोन." पाच मिनिटं त्याने डोळे मिटून पडायचं आणि तिने दिवसभर बाजूने बघितलेल्या गोष्टी सांगायच्या.

मग वाळवंट आलं. दोन महिने सावली म्हणून नाही. काळी पिशवी इतकी तापायची की दुपारी तिला हात लावला तर चटका बसायचा. थेंब कोमट असायचे. "शेक मिळतोय डोळ्याला," फिटर म्हणायचा, आणि ती हसायची. सहा महिन्यांची तपासणी याच भागात यायची होती. डोळ्यांचा डॉक्टर शोधायला चारशे किलोमीटर आडवाटेला जावं लागलं असतं. "दिसतंय की सगळं," फिटर म्हणाला. तपासणी राहिली ती राहिलीच.

वर्ष उलटल्यावर बाईची कंबर दुखू लागली. आधी तिला वाटलं, वय. मग ध्यानात आलं की हाक उशिरा येते. "खड्डा!" ऐकू यायचा तोवर चाक खड्ड्यात गेलेलं असायचं. ती चिडली. म्हणाली, "तुमचं लक्ष कुठे असतं?" दुसऱ्या दिवसापासून हाका वाढल्या. आता तो सरसकट सगळ्यालाच खड्डा म्हणू लागला. झाडाची सावली, डांबराचं ठिगळ, रस्त्यावर सांडलेलं पाणी. बाई दिवसभर उठबस करून दमायची. नवऱ्याला आता प्रवासाचा कंटाळा आलाय आणि तो आपल्यावर काढतोय, असं तिने मनाशी धरलं. चार दिवस तिने तोंड फुगवलं, थेंब घालताना मोजलंही नाही.

आणि मग ते सिमेंट आलं. एका शहराच्या तोंडाशी गवंडी रस्त्याची कड नव्याने ओतत होते. दोरी बांधली होती, दोरीला लाल चिंध्या लावल्या होत्या. बाईला डावीकडे एक गवंडी दिसला. दोन्ही हात वर करून, तोंड एवढं मोठं उघडून तो ओरडत होता. तिला वाटलं, फिटरने बघितलं असणार. ज्याच्यासाठी एवढा तमाशा चाललाय ते समोर बसलेल्या माणसाला दिसत नाही, असं कुणाच्या मनात येईल? सायकल दोरी तोडून थेट ओल्या सिमेंटमध्ये शिरली आणि बारा-पंधरा फूट जाऊन रुतली. गवंडी थापी घेऊन धावले. ज्या शिव्या दिल्या त्या कळायला भाषा येण्याची गरज नव्हती. फिटर हसत होता. "रस्त्यावर सही केली आपण," तो बायकोला म्हणाला. "शंभर वर्षं राहील." पण दोरी कुठून आली हे तो मान फिरवून फिरवून शोधत होता. दोरी त्याच्या कोपराला अडकलेली होती.

तेव्हा तिला कळलं.

मुक्कामाच्या खोलीत तिने त्याच्या डावीकडे पाण्याचा पेला ठेवला आणि म्हणाली, पाणी घ्या. त्याने समोर हात नेला, मग उजवीकडे, मग टेबल चाचपलं. तिने पेला उचलून त्याच्या हातात दिला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"वाळवंट संपल्यापासून."

"मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तू परत फिरवलं असतंस."

तो अंगणात चेनवरचं सिमेंट खरवडायला बसला आणि बाई एकटी, रिकामी बाटली मुठीत धरून, औषधाचं दुकान शोधत निघाली. दोनच बाटल्या उरल्या होत्या, नव्या घ्यायला हव्या होत्या. दुकानात एक तरुण मुलगी होती. तिने बाटली बघितली, मान डोलावली आणि मागच्या फ्रिजमधून एक खोकं काढून ठेवलं. खोक्याचा रंग तोच. कडेची पट्टी तीच. अठरा वेळा कात्री चालवलेलं खोकं बाई कशी विसरेल? तिने बोटाने फ्रिज दाखवला आणि तोंडावर प्रश्न आणला. मुलीने खोकं फिरवून एक चित्र दाखवलं. लहानसा तापमापक आणि शेजारी बर्फाची चांदणी. मग मुलीने उन्हाकडे बोट दाखवलं, बाटलीकडे दाखवलं, आणि हात पंख्यासारखा हलवला. संपलं. पाणी.

बाई तिथल्या स्टुलावर बसली. मुलीला वाटलं चक्कर आली, तिने पाणी आणून दिलं. बाईच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. रोज दोन थेंब, एवढ्या संध्याकाळी. 'एक', 'दोन' करत आपण नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी सोडत होतो, आणि त्याचे डोळे खोक्याबरोबर आपणच केरात टाकले होते. तिला रडूसुद्धा आलं नाही. तिने नवी बाटली घेतली, ओल्या रुमालात गुंडाळली आणि परत आली. फिटरला फक्त एवढंच म्हणाली की उद्या मोठ्या इस्पितळात जायचं.

इस्पितळातला डॉक्टर म्हातारा होता आणि रस्त्यावरच्या प्रवाशांची मोडकीतोडकी भाषा त्याला येत होती. फिटरलाही आता ती येत होती. यंत्रांतून बघून झालं, भिंतीवरचे दिवे मोजून झाले. डावा डोळा जवळजवळ गेला होता. उजव्यात मधलं तेवढं उरलं होतं, पाइपातून बघावं तसं. ते किती दिवस टिकेल? डॉक्टरने खांदे उडवले. सहा महिने, वर्ष. मग त्याने विचारलं, "थेंब नियमित घातले होते का?"

फिटर ताठ बसला. "एक दिवस चुकवला नाही. वाळवंटात नाही, तापात नाही. ही माझी बायको, ही साक्षीदार आहे. तिच्याच हाताने घातले."

डॉक्टर बाईकडे वळला. बाईच्या तोंडात शब्द आला होता. फिटरच्या तोंडावरचा तो अभिमान तिने बघितला, आणि मूग गिळून मान डोलावली.

"मग औषध तुम्हाला लागू पडलं नाही," डॉक्टर म्हणाला. "असं होतं कधी कधी. नशीब."

फिटरने तो शब्द उचलला. माणसाला दुःख सोसायला काहीतरी हाताशी लागतं, त्याला नशीब मिळालं. बाहेर पायऱ्यांवर बसून त्याने नशिबाला मनसोक्त शिव्या दिल्या, मग औषधाच्या कंपनीला दिल्या. दिल्यावर त्याला बरं वाटलेलं दिसलं. म्हणाला, "समुद्र नऊशे किलोमीटरवर आहे. पाइपातून तर पाइपातून, बघून येऊ. तू पुढे बसायचं."

"मला सायकल येत नाही!"

"चौदा हजार किलोमीटर काय केलंस मग?"

तीन आठवडे मुक्कामाच्या मागच्या अंगणात शिकणं चाललं. पन्नाशीची बाई, गुडघ्यांना चिंध्या बांधलेली, आणि मागे तिला तोल शिकवणारा अर्धा आंधळा माणूस. कोंबड्या उडायच्या, मालकीण खिडकीतून हसायची, बाई पडायची, उठायची, स्वतःलाच शिव्या घालायची. फिटरला तिच्या चुका दिसत नव्हत्या पण मांडीत कळत होत्या. "डावीकडे झुकतेस." "घाबरलीस, खांदे आवळलेस." चौथ्या आठवड्यात ते रस्त्याला लागले. दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर, उतार आला की उतरून चालत.

आणि इथे बाईच्या जिवाला एक नवीनच घोर लागला. तिला आवडू लागलं. आयुष्यात पहिल्यांदा रस्ता समोरून अंगावर येत होता. वळण आधी दिसायचं, मग त्यामागचं शेत, मग शेतामागची टेकडी, सगळं आपल्याआधी आपल्याला भेटायला येत होतं. ती "खड्डा!" म्हणून ओरडायची तेव्हा आवाजात नको इतका आनंद असायचा. मग मागची शांतता आठवायची, आणि तिला स्वतःची किळस यायची. ज्याचं होतं त्याच्याकडून काढून घेऊन आपण मिरवतोय.

फिटर मात्र अलीकडे फार गोड बोलायचा. कधी नव्हे ते कौतुक करायचा. नवे थेंब आता ओल्या कापडात आणि थर्मासच्या बाटलीत असत; गार थेंब डोळ्याला बरे, एवढंच तिने त्याला सांगितलं होतं. संध्याकाळी थेंब घालून झाले की तो तिचा हात धरून ठेवायचा. म्हणायचा, "तुझ्या हातून काही राहिलं नाही, एवढं मला पुरे आहे." बाई दोनदा सांगायला गेली आणि दोनदा तिने पापणी ओढून थेंब सोडला.

समुद्र चार दिवसांवर आला असताना चहाच्या टपरीवर एक जोडपं भेटलं. तेही सायकलवरचंच, उलट दिशेने निघालेलं, तरुण, डोळ्यांनी धडधाकट. फिटरने त्यांना आपली सगळी कथा ऐकवली. औषध कंपन्या पाणी भरून विकतात, हेही सांगितलं. आणि मग बायकोच्या खांद्यावर थापटून म्हणाला, "पण हिने एक दिवस चुकवला नाही. बायको असावी तर अशी." त्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. मुलीने तर डोळे पुसले आणि बाईला मिठी मारली.

बाई सायकलवर चढली. दोन किलोमीटर गेली असेल. समोर सपाट, रिकामा रस्ता होता, आणि नवऱ्याचं तोंड बघावं लागत नव्हतं.

"अहो."

"बोल."

"औषध वाईट नव्हतं."

"म्हणजे?"

"ते थंड ठेवायचं होतं. खोक्यावर छापलेलं होतं. खोकी मी फाडून टाकली, वजन कमी करायला. बाटल्या काळ्या पिशवीत तापून गेल्या. वर्षभर मी तुमच्या डोळ्यांत पाणी घालत होते. त्या दुकानातल्या मुलीने मला सगळं दाखवलं. इस्पितळात गेलो त्याच्या आदल्या दिवशी."

चेनला बांधलेले म्हणून त्याचे पाय फिरत राहिले, पण त्यातला जोर गेला होता. तिच्या मांड्यांना ते लगेच कळलं. सायकल एकाएकी दुप्पट जड झाली. ती तशीच ओढत राहिली.

"थांबव," फिटर म्हणाला.

तिने थांबवली. तो उतरला आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिला. तोंड तिच्याकडे होतं, पण पाइपातलं जे काय उरलं होतं ते तिच्या खांद्याच्या बाजूने कुठेतरी जात होतं.

"डॉक्टरने विचारलं तेव्हा तू शेजारी होतीस."

"हो."

"मी साक्षीदार म्हटलं तुला."

"हो."

तो ओरडेल म्हणून ती वाट बघत होती. ओरडला असता तर बरं झालं असतं. तिने मान खाली घातली.

"चार दिवस राहिले होते गं," तो म्हणाला. "चार दिवस थांबायचं. मला बघू द्यायचंस. मग सांगायचंस, नाहीतर नाही सांगायचंस."

"मला गिळवेना. तुम्ही लोकांना सांगत होता, ते मला…"

"तुला गिळवेना म्हणून मला भरवलंस." त्याने चेहरा पुसला. "इतके दिवस मी नशिबाला शिव्या घालत होतो. बरं चाललं होतं माझं. आता कुणाला घालू?"

मागून एक ट्रक भोंगा वाजवत गेला आणि दोघांच्या अंगावर धूळ बसली. थोड्या वेळाने फिटरने हाताने चाचपत मागची सीट शोधली आणि तो बसला. चार दिवस ते तसेच गेले. ती खड्डे सांगत होती, तो उठत नव्हता, हादरे अंगावर घेत होता. थेंब घालायच्या वेळी तो डोकं मांडीवर ठेवायचा नाही, बसूनच मान वर करायचा. ती "एक" म्हणायची, "दोन" म्हणायची, आणि तो उठून बाजूला जायचा.

चौथ्या दिवशी दुपारी चढ संपला आणि रस्ता संपला. खाली समुद्र होता. वारा एवढा होता की तिला ब्रेक दाबून दोन्ही पाय टेकावे लागले. उन्हात सगळं पाणी चमकत होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधे कुठेही काही नव्हतं. ती उतरली. त्याला नीट दिसावं म्हणून सायकल तिरकी केली आणि त्याचा दंड धरला.

"आला," ती म्हणाली. "सरळ समोर. जरा उजवीकडे मान करा."

फिटरने दंड सोडवून घेतला. तो समुद्राकडे पाठ करून, सायकलला टेकून, खाली रस्त्यावर बसला.

"तू बघ," तो म्हणाला. "मला नको."